घाटवाटेची सायकल : निवड आणि सरंजाम

सायकल हे गरिबाचे वाहन, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु अलीकडे सायकलींच्या दुकानात डोकावले तर हे वाक्य तितकेसे खरे वाटत नाही. जाड टायरची, दोन्ही चाकांवर शॉकअप असलेली, एकवीस गिअरची, झगझगीत रंगाची 'माउंटन बाईक' तेथे दर्शनी भागात टांगलेली असते. गावाकडची मुले तिला 'रेंजर' म्हणतात. तिची किंमत ऐकून वडील क्षणभर गप्प होतात आणि कापसाचे किंवा सोयाबीनचे पैसे आले की पाहू, असे सांगतात. अशी खरेदी घरात वारंवार होत नाही. म्हणूनच ती डोळसपणे व्हावी, या हेतूने हा लेख लिहावयास घेतला आहे.

आणखी एक कारण आहे. आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांची, विशेषतः विद्यार्थिनींची, एस. टी. चुकली की त्या दिवसाचे कॉलेजही चुकते. ज्या मुलीच्या दारात चांगली सायकल आहे, तिचे शिक्षण एस. टी.च्या वेळापत्रकावर अवलंबून राहत नाही. तेव्हा सायकलीची निवड हा केवळ हौसेचा विषय नव्हे.

आपली भूमी कशी आहे?

भूगोलाचा अध्यापक असल्यामुळे मी प्रथम जमिनीकडे पाहतो. आपल्या जिल्ह्याचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. उत्तरेकडे गोदावरीच्या काठची गेवराई-माजलगावची सखल, काळ्या मातीची गंगथडी. आणि दक्षिणेकडे बालाघाटच्या रांगांवरील पाटोदा, आष्टी, केज, धारूर, अंबाजोगाई हा उंच, खडकाळ प्रदेश. बीड शहर या डोंगराच्या पायथ्याशी, बिंदुसरेच्या काठी वसले आहे. येथून सोलापूरच्या दिशेने निघाले की मांजरसुंब्याचा चढ लागतो. कपिलधार, सौताडा, नायगावचे मयूर अभयारण्य या ठिकाणी जावयाचे तर चढउतार चुकत नाहीत. धारूरचा घाट तर अरुंद आणि वळणावळणाचा.

या भूमीत सायकलस्वाराचे शत्रू चार : घाटाचा चढ, घाटाचा उतार, पावसाळ्यातील चिकण माती आणि बारमाही काटे. जी सायकल या चौघांना तोंड देईल, ती आपली सायकल. दुकानात जाण्यापूर्वी एवढे सूत्र मनात पक्के असावे.

डोंगरी सायकलीचा जन्म

ही सायकल जन्माला आली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात. १९७०च्या दशकात तेथील काही तरुण जुन्या, जाड टायरच्या, वजनदार सायकली घेऊन टमाल्पायस डोंगराच्या कच्च्या वाटेने खाली सुटत. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. उतारावर तो इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर नवे ग्रीस भरावे लागे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे झालेल्या पहिल्या शर्यतीला यावरूनच 'रीपॅक' म्हणजे 'पुन्हा भरणे' हे नाव मिळाले. १९७७ साली जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी नवी फ्रेम बांधली. १९८१ मध्ये 'स्टंपजंपर' ही कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली डोंगरी सायकल बाजारात आली आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ समाविष्ट झाला.

हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन एवढेच, की या सायकलींवर प्रारंभी शॉकअप नव्हते. ती कल्पना पुढे आली. त्या तरुणांपुढे पहिला प्रश्न होता तो थांबायचे कसे हा. आपणही निवडीचा प्रारंभ तेथूनच करावा.

पहिला विचार ब्रेकचा

एक साधे गणित पाहू. स्वार आणि सायकल मिळून वजन ८० किलो धरले आणि शंभर मीटर उंची उतरली, तर सुमारे ७८ हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. काही वारा खातो. उरलेली ब्रेकला उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. एवढ्या उष्णतेत पाव लिटर पाणी उकळेल! घाट उतरताना ब्रेकवर काय बेतते याची यावरून कल्पना यावी.

जुन्या सायकलींचे सळईचे ब्रेक रिमला खालून धरतात. पावसात रिम ओली झाली की त्यांची पकड सुटते. 'व्ही' पद्धतीचे ब्रेक रिमला दोन्ही बाजूंनी चांगले धरतात, त्यांचे रबर स्वस्त असते आणि ते कोणालाही बदलता येते. डिस्क ब्रेकची चकती चाकाच्या मध्याजवळ असल्याने रिमला लागलेला चिखल तिला बाधत नाही. पावसाळी कच्च्या रस्त्यासाठी ते उत्तम. मात्र तारेचे डिस्क ब्रेक घ्यावेत, असे मी सुचवीन. तेलावर चालणारे अधिक चांगले खरे, पण त्यांची दुरुस्ती तालुक्याच्या गावी होईलच असे नाही.

आपल्याकडे बहुधा उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. तरी दुकानातच तपासून घ्यावे. थांबण्याची शक्ती मुख्यतः पुढच्या ब्रेकमध्ये असते, म्हणून त्याला भिऊन तो कधीच न वापरणे चुकीचे. उतारावर दोन्ही ब्रेक मधूनमधून दाबावेत, अंगाचा भार मागे न्यावा आणि वळणाच्या आधीच वेग कमी करावा.

मापाची सायकल

चप्पल घेताना आपण माप पाहतो, सायकल घेताना मात्र रंग पाहतो. फ्रेमच्या वरच्या नळीवर दोन्ही पाय टाकून जमिनीवर उभे राहावे. नळी आणि शरीर यांत किमान दोन इंच अंतर राहिले पाहिजे. साधारणपणे सव्वापाच फूट उंचीच्या व्यक्तीस १५ ते १६ इंची, साडेपाच ते पावणेसहा फुटांच्या व्यक्तीस १७ ते १८ इंची फ्रेम बसते. सीटची उंची अशी ठेवावी की टाच खालच्या पायडलवर टेकवली असता पाय सरळ व्हावा. पुढे चालविताना चवडा पायडलवर आला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात, आणि दोष विनाकारण सायकलीला दिला जातो.

गिअरचे मर्म

आपल्या साध्या काळ्या सायकलीला बहुधा पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात. पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. नेहमीच्या एकवीस गिअरच्या, २६ इंची चाकाच्या सायकलीत पुढे २४ आणि मागे २८ दाते असा सर्वांत हलका गिअर टाकला, तर एका फेऱ्यात ती केवळ पावणेदोन मीटर जाते. म्हणजे तेवढेच अंतर काटावयास पायडल तिप्पट फिरवावे लागते, पण जोर सुमारे एक तृतीयांश पुरतो. ज्या चढावर साधी सायकल हातात धरून चालावे लागते, तेथे ही बसून नेता येते. गिअरचे सारे रहस्य एवढेच.

यास्तव दुकानात एकूण गिअर किती हे विचारू नये. पुढची सर्वांत लहान आणि मागची सर्वांत मोठी चक्री किती दात्यांची, हे विचारावे. दाते स्वतः मोजता येतात. सपाट गंगथडीत राहणाऱ्यास एवढ्या गिअरांची गरजही नाही. त्याने तो पैसा चांगल्या टायरवर खर्च करावा.

शॉकअपचा मोह

मागच्या चाकावर स्प्रिंग असलेली स्वस्त सायकल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगल्या प्रतीचे असे यंत्र अतिशय महाग असते. स्वस्तात मिळते ती केवळ जड स्प्रिंग. चढावर पायडल मारताना ती खालीवर होते आणि आपला काही जोर तेथेच जिरतो. सांधे ढिले झाले की सायकल कुरकुरते ती निराळीच. पुढे साधे शॉकअप आणि मागे घट्ट फ्रेम, किंवा दोन्हीकडे घट्ट फ्रेम आणि जाड टायर, हीच रचना आपल्याला योग्य. रस्त्याचे बरेचसे धक्के दोन इंची टायर, हवा थोडी कमी ठेवली तर, स्वतःच गिळतो.

ज्यांना याबाबत शंका असेल त्यांनी मुंबईच्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा या तीन पारशी तरुणांचे स्मरण करावे. ऑक्टोबर १९२३ मध्ये ते साथीदारांसह निघाले आणि वाळवंटे, जंगले ओलांडीत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मार्च १९२८ मध्ये मुंबईस परतले. त्यांच्या सायकलींना ना आजचे गिअर होते, ना शॉकअप.

फ्रेम पोलादाची की ॲल्युमिनियमची, हा प्रश्नही येतो. ॲल्युमिनियमची हलकी असते आणि गंजत नाही. पोलादी जड, पण स्वस्त, आणि मोडली तर वेल्डिंगवाल्याकडे जोडता येते. 'अलॉय' असे कागदी लेबल चिकटवलेली फ्रेम खरोखर कशाची आहे हे पाहावयाचे असेल, तर खिशात एक लोहचुंबक न्यावा. चिकटला तर पोलाद. दुकानदार रागावणार नाही. उलट गिऱ्हाईक जाणकार आहे हे ओळखेल.

काटे आणि काळी माती

बाभूळ, वेडी बाभूळ, बोर आणि सराटे हे आपल्या वाटांचे पहारेकरी. म्हणून टायर जाड आणि दाट रबराचा हवा. ट्यूबमध्ये भरावयाचे एक द्रव मिळते. बारीक काट्याचे छिद्र ते आतूनच बुजवते. काटा दिसताच उपटून पुढे जाऊ नये. टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून दुसरा काटा राहिला नाही ना, हे पाहावे.

चाके २६, साडेसत्तावीस आणि २९ इंची अशा तीन मापांत येतात. मोठे चाक खड्ड्यावरून सहज जाते; पण आपल्या गावच्या दुकानात कोणत्या मापाची ट्यूब मिळते, हे आधी विचारावे आणि एक ट्यूब जवळ बाळगावी. काळ्या मातीत टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये चिखल दाबून बसतो व चाक फिरेनासे होते. म्हणून तेथे दोन बोटे तरी मोकळी जागा असावी आणि मडगार्ड घट्ट बिलगणारे नसावे.

सरंजाम

आता सायकलीबरोबरच्या वस्तूंकडे वळू. हातात दहा रुपये असतील तर आठ सायकलीला आणि दोन सरंजामाला, असा हिशेब मी विद्यार्थ्यांना सांगतो. पूर्ण दहा रुपये सायकलीवर खर्च झाले की हेल्मेट 'पुढच्या वर्षी' जाते आणि ते पुढचे वर्ष येत नाही.

पहिली वस्तू हेल्मेट. सायकलस्वारास त्याची कायद्याने सक्ती नाही, पण डोके सर्वांचे सारखेच नाजूक. मोटारसायकलचे हेल्मेट जड असते व चढावर गुदमरवते. सायकलचे हलके, हवेशीर घ्यावे. त्यावर ईएन १०७८ किंवा सीपीएससी हे मानक नोंदलेले असावे. ते भुवयांच्या वर दोन बोटे, आडवे बसावे. पट्टे कानाखाली जुळावेत आणि हनुवटीखाली एकदोन बोटांपुरतीच जागा राहावी. आतील फोम चिरडून आघात शोषतो, म्हणून एकदा आपटलेले हेल्मेट दिसावयास चांगले असले तरी बदलावे.

दुसरी वस्तू दिवे : मागे लाल, पुढे पांढरा. हिवाळ्यात लवकर अंधारते आणि त्याच दिवसांत उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून रस्त्यावर असतात. ट्रॉलीच्या मागे अनेकदा दिवा नसतो आणि चालकाला बाजूचे फारसे दिसत नाही. अशा वेळी आपण दिसणे हेच आपले संरक्षण. चाकांवर व पायडलवर चमकपट्ट्या असाव्यात, अंगात फिकट रंगाचे कपडे असावेत. ट्रॉलीला धरून चढ चढण्याचा आचरटपणा तर कोणीही करू नये.

तिसरी वस्तू दुरुस्तीची पिशवी : टायर काढण्याच्या दोन पट्ट्या, पंक्चरचे तुकडे व सोल्युशन, छोटा पंप, षट्कोनी पान्यांचा संच. पंप घेताना व्हॉल्व पाहावा. साध्या सायकलीचा व्हॉल्व निराळा, बहुतेक डोंगरी सायकलींचा मोटारसायकलीसारखा असतो. त्यात गरजेला पेट्रोल पंपावरही हवा भरता येते.

याखेरीज पाण्याची बाटली, धुळीसाठी चष्मा, पडल्यास तळवे सोलू नयेत म्हणून हातमोजे आणि पुढून बंद असलेले बूट एवढे पुरे. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत घरी पोचावे. विद्यार्थिनींसाठी एक विशेष सूचना : डोंगरी सायकलीला बहुधा चेनकव्हर नसते. ते बसवून घ्यावे, ओढणी मागे गाठ मारून आवळावी आणि सलवारीचा उजवा पाय पट्टीने बांधावा.

सायकलींवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. निदान त्या फरकाच्या पैशात तरी सरंजामातील एखादी वस्तू घेता येईल.

विद्यार्थी मित्रांनो, दुकानात जाताना वडिलांना बरोबर न्या, दाते मोजा, नळीवर उभे राहा, ब्रेक दाबून पाहा आणि मगच रंग निवडा. घामाच्या पैशाची ही वस्तू दहा वर्षे टिकावी आणि तिच्यावर बसलेला रोज संध्याकाळी सुखरूप घरी पोचावा, एवढीच अपेक्षा. या लेखामुळे एका घरी जरी सायकलीबरोबर हेल्मेट आले, तरी हा लेखनप्रपंच सार्थकी लागला असे मी समजेन.