जुन्या येझदीचे दिवे : आधी तपासणी, मग खर्च

आमचा धंदा कापडाचा. मोटारसायकलचे हुनर आम्ही कोणा उस्तादाकडे शिकलो नाही. पण दुकानाच्या जुन्या येझदीवर कापडाचे गठ्ठे बांधून आठवडी बाजार करीत उमर गेली, त्यातून जो तजुर्बा आला तो येथे मांडतो.

एका रात्री बाजाराहून परतताना आमच्या गाडीचा पुढचा दिवा मंदावत गेला आणि वळणावरच विझला. समोरून ट्रक येत होता. त्या दिवशी वाचलो. दुसऱ्या दिवशी कारागिराने डायनॅमो नव्याने भरून घ्या, असे सांगितले. पैसे मोजले, पण चार दिवसांनी दिवा पुन्हा मंद! खरा दोष निघाला दिव्याच्या अर्थच्या स्क्रूखाली. रंगकामाच्या वेळी तेथे रंग बसला होता.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९९६ पर्यंत बनलेल्या जावा-येझदी गाड्यांपैकी बहुतेक ६ व्होल्टच्या. हिशेब सोपा आहे. ३५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारे २.९ अँपिअर करंट घेतो, तर ६ व्होल्टवर ५.८. करंट दुप्पट म्हणून गंजलेल्या जोडात होणारे नुकसानही जास्त. वाटेत ०.६ व्होल्ट गळाले तर दाब दहा टक्के घटतो, पण उजेड मात्र सुमारे तीस टक्के कमी होतो. म्हणूनच या गाडीत स्वच्छ जोड हीच खरी दौलत.

तपासणी या क्रमाने करावी.

१) बॅटरी : पूर्ण भरलेली बॅटरी, गाडी बंद असताना, सुमारे ६.३ व्होल्ट दाखवते. ६ च्या खाली असेल तर आधी चार्ज करावी. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट थर कोमट पाण्याने व खाण्याच्या सोड्याने धुवावा. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये.

२) फ्यूज : सर्व दिवे एकदम गेले तर प्रथम फ्यूज पाहावा. त्याजागी सिगारेटची चांदी किंवा जाड तार घालू नये. तार शॉर्ट झाली तर फ्यूज वितळण्याऐवजी वायरिंग पेटेल.

३) अर्थ : एकच दिवा मंद असेल, किंवा ब्रेक दाबताच मागचा दिवा मंदावत असेल, तर अर्थवर शंका घ्यावी. बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलपासून एक सुटी तार घेऊन पेटत्या दिव्याच्या होल्डरच्या पत्र्याला लावावी. उजेड एकदम वाढला तर दोष अर्थचा. स्क्रू काढून, रंग व गंज खरवडून पुन्हा घट्ट बसवावा.

४) पुरवठा : ६ व्होल्टच्या बल्बला दोन तारा जोडून टेस्ट लॅम्प करावा. एक टोक बॅटरीच्या अर्थला, दुसरे होल्डरच्या आतल्या टोकाला. लॅम्प लागला तर करंट येत आहे. न लागल्यास मागे मागे स्विचपर्यंत यावे. जेथे लागेल तेथून पुढच्या भागात दोष.

५) लाल दिवा : चावी फिरवल्यावर हा दिवा लागावा आणि इंजिनाचा वेग वाढताच विझावा. लागलाच नाही तर त्याचा बल्ब गेला असेल, किंवा डायनॅमोचे कार्बन ब्रश टेकत नसतील. वेग वाढूनही विझत नसेल तर बॅटरी चार्ज होत नाही. ब्रश झिजले वा अडकले आहेत काय, कम्यूटेटर काळा पडला आहे काय, ते पाहावे. या गाडीचे इग्निशनही बॅटरीवरच, म्हणून दुर्लक्ष केल्यास दिव्यांमागोमाग इंजिनही बंद पडते.

६) बल्ब वारंवार उडणे : वेग वाढवून बॅटरीवर मीटर लावावा. सुमारे ७ ते ७.५ व्होल्ट ठीक. ८ च्या वर गेल्यास रेग्युलेटर जाणकाराकडून जुळवून घ्यावा. बॅटरीचा जोड सैल असला तरीही बल्ब उडतात. तेथे १२ व्होल्टचा बल्ब घालणे हा इलाज नव्हे, तो मिणमिणताच राहील.

कारागीर बंधूंना एक विनंती. आज जुन्या गाड्या हौसेने दुरुस्त करून घेणारे गिऱ्हाईक पुष्कळ आहे. दोष कोठे होता हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दाखवावे, मगच पैसे मागावेत. कापडाचा डाग आधीच दाखवणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक पुन्हा येते, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे.