शहर बससेवा : स्पर्धा रस्त्यावर नको, निविदेत हवी

महानगरातील कामगार, विद्यार्थी व नोकरदार यांच्या जीवनात बससेवेचे स्थान अनन्यसाधारण आहे. मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी पहिली बस धावली आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा उपक्रम महापालिकेच्या मालकीचा झाला. अशा सार्वजनिक उपक्रमांच्या खर्चाचा व उत्पन्नाचा मेळ बसेनासा झाला, की खाजगी वाहतूकदारांना स्पर्धेत उतरू द्यावे, म्हणजे सेवा आपोआप सुधारेल, असा विचार पुढे येतो. हा विचार सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु स्पर्धा कोठे आणि कशासाठी व्हावी, हे आधी ठरविल्यावाचून तिचा लाभ उतारूंच्या पदरात पडत नाही.

दिल्लीचा धडा

दिल्लीत १९९२ मध्ये ‘रेडलाइन’ या नावाने खाजगी बसगाड्या सुरू झाल्या. पुढे त्या ‘ब्लूलाइन’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. गाडीमालकाची कमाई तिकिटांच्या गल्ल्यावर अवलंबून होती. साहजिकच जी गाडी थांब्यावर आधी पोहोचेल तिला उतारू मिळत. त्यामुळे गर्दीच्या वेळी गाड्यांची शर्यत लागे. या शर्यतीत अनेकांना प्राण गमवावे लागले आणि अखेर २०१० च्या सुमारास या गाड्या रस्त्यांवरून हटविण्यास प्रारंभ झाला. चालकांना दोष देणे सोपे होते; पण मूळ दोष मोबदल्याच्या पद्धतीत होता.

अशा शर्यतीत वेळेचीही हानी होते. समजा, एका मार्गावर तासाला सहा गाड्या आहेत. त्या दर दहा मिनिटांनी आल्या, तर उतारूला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. त्याच सहा गाड्या एकमेकींच्या पाठोपाठ दोन-दोनच्या जोडीने आल्या, तर दोन जोड्यांमधील अंतर वीस मिनिटांचे होते आणि सरासरी प्रतीक्षा दहा मिनिटांवर जाते. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढेच. सेवा मात्र निम्मी!

लंडन, मँचेस्टर व सोल

ब्रिटनमध्ये दोन भिन्न पद्धतींची कसोटी एकाच काळात लागली. लंडनमध्ये १९८५ पासून एकेका मार्गासाठी निविदा मागविण्यात येऊ लागल्या. मार्ग, वेळापत्रक व भाडे सार्वजनिक यंत्रणा ठरविते. ते काम किमान खर्चात व चांगल्या रीतीने कोण करील, एवढ्यापुरतीच कंपन्यांची स्पर्धा असते. उतारूंना वेळापत्रकापेक्षा किती जास्त थांबावे लागले, याचे मोजमाप होते व त्याचा परिणाम मोबदल्यावर होतो. लंडनबाहेर मात्र २६ ऑक्टोबर १९८६ पासून मुक्त स्पर्धा आली. त्यांपैकी ग्रेटर मँचेस्टरने सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात आपल्या बसगाड्या टप्प्याटप्प्याने पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या.

दक्षिण कोरियाच्या सोल शहरात खाजगी कंपन्या पूर्वी उतारूंसाठी परस्परांशी झगडत. १ जुलै २००४ रोजी तेथे नवी व्यवस्था आली. कंपन्या कायम राहिल्या, पण त्यांना मोबदला गाडीने कापलेल्या अंतरावर मिळू लागला. त्याच दिवसापासून बस व भुयारी रेल्वे यांचे भाडे एकूण अंतरावर आकारले जाऊ लागले. पहिल्या दिवसांत कार्डयंत्रे बिघडून गोंधळ उडाला. परंतु गाडी बदलली म्हणून भाडे नव्याने भरण्याचा भुर्दंड टळला. नगर प्रशासनावर अनुदानाचा भार वाढला, हेही नमूद केले पाहिजे.

मुंबईपुढील कार्य

मुंबईत बेस्टने भाडेकराराच्या गाड्यांना किलोमीटरमागे मोबदला देण्याची पद्धत स्वीकारली आहे. तिकिटांचे उत्पन्न उपक्रमाकडे येत असल्याने शर्यतीचे कारण उरत नाही. मात्र केवळ सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली, तर काटकसरीचा बोजा शेवटी चालकाच्या वेतनावर व गाडीच्या देखभालीवर पडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांच्या संपामुळे मुंबईकरांचे अनेक दिवस हाल झाले. म्हणून किमान वेतन, देखभाल व वक्तशीरपणा यांच्या अटी निविदेतच असणे आणि त्यांची नियमित तपासणी होणे अगत्याचे आहे.

भाड्याचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आले, तेव्हा उतारूंची संख्या लक्षणीय वाढली. मे २०२५ मध्ये ते साध्या गाडीसाठी १० रुपये झाले. स्वस्त भाडे हवे असेल, तर तुटीची तरतूद अर्थसंकल्पात उघडपणे केली पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ या मोबाइल सुविधेद्वारे विविध वाहतूक संस्थांची तिकिटे एकत्र आली, हे स्वागतार्ह आहे. तिकिटे एका ठिकाणी मिळणे ही पहिली पायरी होय. लोकलमधून उतरून बसमध्ये चढताच भाडे नव्याने सुरू न होणे, ही पुढची.

रात्रपाळी संपवून उपनगरातील वस्तीकडे परतणारा कामगार कोणत्याही वाहतूकदाराला नफा मिळवून देत नाही. त्याची गाडी ठरल्या वेळी येते की नाही, हीच बससेवेची खरी कसोटी आहे. स्पर्धेची योजना या कसोटीला उतरेल अशा रीतीनेच झाली पाहिजे.