शेतचारीचा धडा : शाळेतील दूरचित्रवाणी संच इंटरनेटला जोडताना

पैठणच्या नाथसागरात पाणी भरपूर आहे, डाव्या कालव्याला आवर्तनही सुटले आहे. परंतु वितरिकेपासून बांधापर्यंतची शेतचारी गाळाने भरलेली असेल तर पिकाला थेंबही मिळत नाही. जायकवाडीच्या लाभक्षेत्रातील परभणी जिल्ह्याच्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. इंटरनेटच्या बाबतीत मात्र हाच धडा आपण विसरतो. शाळेतील पडद्यावर पाठ सुरू होत नाही, मध्येच चित्र थांबते, चक्र फिरत राहते आणि ‘गावात नेटच नाही’ असा निष्कर्ष काढून संच कपाटात बंद केला जातो. वस्तुतः पुष्कळदा कालव्यात पाणी असते. बिघाड शेतचारीत असतो.

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर पोहोचविण्याची योजना केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केली. २०१५ पासून ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते. शालेय पाठांसाठी २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचे मार्गदर्शनही आता ध्वनिचित्रफितींच्या रूपाने पाहता येते. म्हणजे मुख्य कालवा आहे आणि पाणीही आहे. खोलीतील शेवटच्या वीस-पंचवीस फुटांची व्यवस्था कशी करावी, एवढाच प्रश्न उरतो. ती व्यवस्था गावाने स्वतः समजून घ्यावयाची असल्याने तिची माहिती येथे क्रमाने दिली आहे.

साखळीचे चार दुवे

बाहेरून आलेली फायबरची तार प्रथम एका लहान पेटीत येते. ही पेटी प्रकाशाच्या संकेतांचे विद्युत संकेतांत रूपांतर करते. तेथून संकेत राऊटरकडे जातात. काही ठिकाणी ही दोन्ही कामे एकच पेटी करते. राऊटर खोलीतील प्रत्येक उपकरणाला एक पत्ता देतो आणि टपाल वाटणाऱ्या पोस्टमनप्रमाणे ज्याची माहिती त्याच्याकडे पोहोचवितो. तिसरा दुवा म्हणजे स्ट्रीमिंग स्टिक. बोटभर लांबीचे हे उपकरण दूरचित्रवाणी संचाच्या एचडीएमआय खाचेत बसते, वाय-फायवरून माहिती घेते आणि तिचे चित्र व आवाज संचाला देते. चौथा दुवा अर्थातच संच. ज्या संचात वाय-फायची सोय मुळातच आहे, त्याला स्टिकची गरज नसते. ज्या जुन्या संचाला एचडीएमआय खाच नाही, त्याला स्टिक सरळ जोडता येत नाही. खरेदीपूर्वी एवढी पाहणी अवश्य करावी.

जोडणीचा क्रम

स्टिक खाचेत बसवून तिची वीजतार तिच्यासोबत आलेल्या अडॅप्टरलाच जोडावी. संचाच्या मागील यूएसबी खाचेतून वीज घेण्याचा मोह होतो. परंतु जुन्या पद्धतीची ही खाच साधारणतः अर्धा अँपिअर वीज देते आणि बहुतेक स्टिकना सुमारे एक अँपिअर लागते. वीज अपुरी पडली की स्टिक वारंवार बंद पडून पुन्हा सुरू होते आणि दोष मात्र इंटरनेटवर येतो.

संच सुरू करून रिमोटने योग्य एचडीएमआय खाच निवडावी. पडद्यावर वाय-फायच्या नावांची यादी येईल. त्यातून आपले नाव निवडून संकेतशब्द अचूक भरावा. इंग्रजी लहान व मोठ्या अक्षरांतील फरकाकडे लक्ष द्यावे. मोबाइलवरील पाठ पडद्यावर पाठवावयाचा असेल, तर मोबाइल आणि स्टिक एकाच वाय-फायवर असणे आवश्यक आहे. राऊटरवरील पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या जाळ्यात उपकरणांना एकमेकांपासून अलग ठेवले जाते. त्यामुळे दोन्ही उपकरणांवर इंटरनेट चालत असूनही मोबाइलला स्टिक दिसत नाही. ज्या सार्वजनिक वाय-फायवर मोबाइल क्रमांक व ओटीपी द्यावा लागतो, तेथेही अडचण येते, कारण ते पान अनेक स्टिकना उघडता येत नाही.

बिघाड कोठे आहे, हे कसे ओळखावे?

पाणी बांधावर आले नाही की जाणता शेतकरी वरून खाली चालत जातो. येथेही तसेच करावे.

पहिली पायरी दिव्यांची. फायबरच्या पेटीवर ‘लॉस’ या अक्षरांपुढील तांबडा दिवा लागला असेल, तर बाहेरून प्रकाश येत नाही. तार तुटली असेल किंवा निसटली असेल. अशा वेळी पेटी उघडू नये, तारेच्या टोकात डोकावू नये. सेवा देणाऱ्या यंत्रणेकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा.

दिवे ठीक असल्यास दुसरी पायरी. राऊटरजवळ उभे राहून मोबाइलवर वेग मोजावा. तिसऱ्या पायरीत संचाजवळ जाऊन पुन्हा मोजावा. मोजताना मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद ठेवावा. समजा, राऊटरजवळ वेग ३० एमबीपीएस आणि संचाजवळ २ एमबीपीएस आला, तर दोष सेवेचा नसून खोलीतील अंतराचा व भिंतींचा आहे. दोन्ही ठिकाणी वेग सारखाच कमी असेल, तर दोष वरच्या बाजूचा किंवा त्या वेळी अनेकांनी एकदम वापर केल्याचा आहे. दोन्ही ठिकाणी वेग चांगला असूनही पाठ अडत असेल, तर स्टिक आणि तिची वीज तपासावी. दहा मिनिटांची ही पाहणी केली, तर तक्रार योग्य ठिकाणी जाते.

किती वेग पुरेसा, हेही जाणून घ्यावे. साध्या दर्जाच्या चित्राला सुमारे १ ते १.५ एमबीपीएस, मध्यम स्पष्टतेला २.५ ते ३ आणि पूर्ण स्पष्टतेला ५ एमबीपीएसच्या आसपास वेग लागतो. फळ्यावरील अक्षरे वाचता येतील इतके साधे चित्र वर्गाला बहुधा पुरते. वेग कमी असेल तर दर्जा मुद्दाम खाली आणावा. थांबणाऱ्या स्पष्ट चित्रापेक्षा न थांबणारे साधे चित्र अध्यापनाला अधिक उपयोगी.

भिंती, पत्रा आणि उन्हाळा

आपल्याकडील इमारतींचा येथे विशेष विचार करावा लागतो. माळवदी घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती वाय-फायच्या लहरी शोषून घेतात. पत्रा व लोखंड त्यांना अडवितात. चोरीच्या भीतीने राऊटर लोखंडी कपाटात कुलूपबंद केला, तर शेतचारीच्या तोंडाशी बांध घातल्यासारखे होते. राऊटर उंचावर, मोकळ्या जागी आणि शक्यतो संच असलेल्या खोलीतच ठेवावा. राऊटरच्या दोन लहरींपैकी २.४ गिगाहर्ट्‌झची लहर अधिक दूर जाते व भिंतही काहीशी पार करते. ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान, पण जवळच्या अंतरासाठी योग्य असते. मध्ये जाड भिंत असेल तर पहिली, एकाच खोलीत दुसरी, असा साधा नियम ठेवावा.

कार्यालय आणि वर्गखोली वेगवेगळ्या इमारतींत असतील, तर तारेचा विचार करावा. तांब्याची नेटवर्क तार एका टप्प्यात १०० मीटरपर्यंतच वापरावयाची असते. ती दोन इमारतींमध्ये उघड्यावर टांगल्यास विजांच्या पावसात धोका संभवतो. अशा ठिकाणी जाणकाराकडून फायबर टाकून घेणे इष्ट.

मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांच्या वर जातो. तापलेल्या संचामागे चिकटून बसलेली स्टिकही तापते आणि आपोआप मंद होते वा बंद पडते. तिला लहानशा जोडतारेने संचापासून बाजूला काढावे. त्यामुळे हवा लागते आणि वाय-फायही अधिक चांगले मिळते. वीज जाण्याचा प्रश्न असेल तेथे फायबरची पेटी व राऊटर यांच्यासाठी लहान बॅटरी संच घ्यावा.

जुन्या प्रयोगाची शिकवण

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग देशातील सहा राज्यांत, सुमारे २,४०० खेड्यांत झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. शेजारच्या कर्नाटकातील गुलबर्गा, रायचूर व विजापूर हे जिल्हे होते. उपग्रह अमेरिकेचा होता, परंतु खेड्यातील सामुदायिक संच चालू राहावेत म्हणून देखभालीची स्वतंत्र व्यवस्था उभारावी लागली होती. आकाशातून कार्यक्रम येणे वेगळे आणि चावडीवर तो दिसणे वेगळे, हा त्या प्रयोगाचा अनुभव आजही तितकाच खरा आहे.

जबाबदारी आणि पर्याय

शाळा व्यवस्थापन समितीने व ग्रामपंचायतीने मिळून एक नोंदवही ठेवावी. जोडणीची तारीख, सेवेचा ग्राहक क्रमांक, तक्रारींचे क्रमांक, दोन ठिकाणी मोजलेला वेग आणि देखभाल पाहणाऱ्या दोन व्यक्तींची नावे तीत असावीत. एकाची बदली झाली तरी दुसऱ्यास माहिती असते. राऊटरचा कारखान्यातून आलेला संकेतशब्द बदलावा. नवा संकेतशब्द भिंतीवर लिहू नये. स्टिकवर शिक्षकाचे वैयक्तिक खाते वापरू नये. शाळेचे स्वतंत्र खाते काढून मुलांसाठीचे निर्बंध चालू करावेत.

अनेक शिक्षक स्वतःच्या मोबाइलचा डेटा देऊन वर्ग चालवितात. ही तळमळ मोठी, पण ती कायमची व्यवस्था नव्हे. ३ एमबीपीएस वेगाने तासभर चित्र पाहिले तर सुमारे १.३५ जीबी डेटा खर्च होतो. रोजच्या दीड जीबीतून मग फारसे काही उरत नाही. म्हणून ज्या पाठांना डाउनलोडची सोय आहे, ते आदल्या दिवशीच उतरवून ठेवावेत. संचाची यूएसबी खाच चालवू शकेल अशी फाईल पेनड्राइव्हवर असल्यास इंटरनेट बंद पडले तरी पाठ थांबत नाही. विहिरीचे पाणी हाताशी असलेला शेतकरी आवर्तन लांबले तरी हवालदिल होत नाही, तसेच हे आहे.

खेड्यातील मुलाला आठवड्यातून मिळणारी एखादी तासिका चक्र फिरण्याची वाट पाहण्यात गेली, तर ती परत मिळत नाही. वर्षाच्या आरंभी शेतचारी साफ करण्यासाठी लाभधारक एकत्र येतात. त्याच रीतीने शाळा उघडण्यापूर्वी एक दिवस या जोडणीच्या तपासणीसाठी राखून ठेवावा. त्यासाठी लागतो तो एक मोबाइल, एक नोंदवही आणि दहा मिनिटांचे पायी चालणे.