व्यसनमुक्ती केंद्रात पाठवण्यापूर्वी

घरातल्या माणसाने दारू सोडायचे मनावर घेतले, की घरचे कोणाच्या तरी सांगण्यावरून एखादे व्यसनमुक्ती केंद्र गाठतात. केंद्र कसे आहे ते मागाहून कळते. बैल घेताना आपण दात पाहतो. इथे तर माणूस सोपवायचा असतो. चौकशी आधीच करावी, असे आम्हांला वाटते.

सगळ्यांत जपायचे ते पहिले चार-पाच दिवस. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली, की ६ ते २४ तासांत हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. पुढे दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे, किडे दिसतात, ताप चढतो. यात माणूस दगावतोही. पुष्कळ लोक याला सोंग म्हणतात, नाहीतर बाहेरची बाधा. दोन्ही खोटे. वेळेवर औषध मिळाले तर हे बहुधा टळते. म्हणून केंद्रात गेल्यावर प्रथम विचारावे, डॉक्टर कोण, केव्हा येतात, आणि रात्री आकडी आली तर रोग्याला कोठे नेता? उत्तर गुळमुळीत आले तर माघारी फिरावे. ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात का, हेही विचारावे. फार पिणाऱ्यांत ते कमी पडलेले असते, आणि ते न देता नुसते ग्लुकोज चढवल्यास मेंदूला इजा होऊ शकते.

मार दिल्याशिवाय दारू सुटत नाही, असे सांगणारे अजून भेटतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारूच्या गैरवापराचा आजारही येतो. त्या कायद्याने रोग्याला साखळीने बांधण्यास मनाई आहे, आणि संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीचा कागद मागावा. त्यात भिडेचे काही कारण नाही. भेटायलाच येऊ नका म्हणणाऱ्या केंद्रापासून दूर राहावे.

चहात गुपचूप घालायच्या गोळीबद्दलही आम्हांला विचारतात. ती बहुधा डायसल्फिराम असते. ती पोटात असताना दारू घेतली तर उलट्या होतात, छातीत धडधडते, रक्तदाब घसरून जीवही जाऊ शकतो. रोग्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती द्यावी.

माणूस घरी परतेल त्या आधी फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत. त्या दिवसांत मन फार खचलेले असते. सल्ल्यासाठी १४४४६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.