आधी डिपस्टिक, मग गिअरबॉक्स!

आमच्या काकांकडे एक जुनी ऑटोमॅटिक गाडी आहे. डोंबिवलीहून ठाण्याला येताना शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये रखडली, की मुंब्रा बायपासच्या चढावर नुसती रेस वाढायची, गाडी सरकायची नाही! सकाळी थंड असताना मात्र एकदम शहाणी. एका मेकॅनिकने निकाल दिला, "गिअरबॉक्स गेला." खर्च ऐकून काका गाडी भंगारात काढायला निघाले.

असं का होतं? ऑटोमॅटिकमध्ये आतल्या क्लच प्लेट्स तेलाच्या दाबाने आवळल्या जातात. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, दाब पडतो, प्लेट्स घसरतात. त्यात गरम तेल पातळ, म्हणजे दाब आणखी कमी. घसरल्या की प्लेट्स तापतात आणि शेवटी जळतात.

म्हणून तपासायचा क्रम असा :

१. पातळी : गाडी सपाट जागी, तेल गरम. इंजिन चालू ठेवायचं की बंद, ते मॅन्युअलमध्ये बघा. जुन्या होंडात बंद, टोयोटात चालू.

२. रंग आणि वास : चांगलं तेल बहुधा लाल असतं. काळपट आणि करपट वास म्हणजे प्लेट्स जळल्या. गुलाबी दुधासारखं म्हणजे कूलंट मिसळलं.

३. गळती : सील आणि रेडिएटरकडे जाणारे पाइप बघा.

४. यानंतरच स्कॅनर आणि प्रेशर गेज.

काकांच्या गाडीत तेल लालच होतं, पण बरंच कमी! कूलरच्या पाइपची क्लिप सैल होती. क्लिप बदलली, योग्य ग्रेडचं तेल भरलं, गाडी चढ चढली. अजून महिनाभर तशीच चालवली असती, तर मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरलं असतं!