दुखू लागण्यापूर्वी : दातांच्या व मुखाच्या आरोग्याविषयी

शस्त्रक्रिया विभाग, अतिदक्षता विभाग, डायालिसिस यांची माहिती रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात वाचण्याची आपल्या हितचिंतकांना सवय असते. त्या मानाने दंतविभागाचा उल्लेख थोडक्यात आटोपतो. देणगी देताना काही सुहृद आम्हांस सद्भावनेने विचारतातही, की हृदयविकार आणि कर्करोग यांसारखे जीवघेणे आजार समोर असताना दातांसाठी वेगळा खर्च कशाला? दातदुखीने कोणी दगावत नाही! प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच अहवालातील ही पाने आम्ही मागून घेतली आहेत.

आमचे उत्तर असे, की मुखाच्या विकारांत रोग कोणता याहून रुग्ण कोणत्या टप्प्यावर आला हे अधिक निर्णायक ठरते. एकच दाढ पहिल्या टप्प्यावर अर्ध्या तासात व अल्प खर्चात वाचते. दुसऱ्या टप्प्यावर तिला तीन-चार खेपा लागतात आणि तिसऱ्या टप्प्यावर ती काढावी लागते. तोंडाच्या कर्करोगाचेही तसेच आहे. शरीरातील बहुतेक कर्करोग शोधण्यास यंत्रे लागतात. हा मात्र बॅटरीच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो. दंतवैद्याच्या खुर्चीवर रुग्ण दाढ दाखवण्यासाठी बसतो, परंतु त्या निमित्ताने त्याचे सबंध तोंड पाहिले जाते.

दात किडतो कसा

दाताचे बाहेरचे आवरण म्हणजे दंतवल्क हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. मात्र त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे एकदा पडलेले भोक हाडाप्रमाणे भरून येत नाही. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील जंतू आपण खाल्लेल्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दंतवल्कातील खनिजे विरघळवते. गोड खाल्ल्यानंतर काही मिनिटांतच तोंडातील आम्लता वाढते आणि लाळेच्या साहाय्याने ती पूर्वपदावर येण्यास साधारणतः अर्धा ते एक तास लागतो. म्हणूनच साखर किती खाल्ली याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती किती वेळा खाल्ली याला महत्त्व आहे. जेवणाबरोबर खाल्लेले दोन लाडू एक वेळ परवडतील. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोट घोट घेतलेला गोड चहा आणि येता-जाता तोंडात टाकलेली बिस्किटे लाळेला दुरुस्तीची उसंतच देत नाहीत. तान्ह्या मुलाला दुधाची बाटली तोंडात देऊन निजवण्याची सवय याच कारणाने घातक आहे. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांशी साचून राहते आणि दीड-दोन वर्षांच्या मुलांचे वरचे पुढचे दात काळे पडून झिजलेले दिसतात. ‘दुधाचेच तर दात आहेत, पडतील’ असे पालक म्हणतात. परंतु दुधाच्या शेवटच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत मुलाला चावण्यासाठी लागतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागाही त्याच राखून ठेवतात.

येथे एका गोष्टीकडे आम्ही पालकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. मूल सुमारे सहा वर्षांचे झाले, की दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे घरातील बहुतेकांना ती आल्याचे कळतही नाही आणि ती दुधाचीच समजली जाते. वस्तुतः ती जन्मभरासाठी आलेली पहिली कायमची दाढ होय. तिच्या पृष्ठभागावरील खोल खाचांत अन्न अडकते, आणि उगवल्यावर पहिल्या काही वर्षांत ती लवकर किडते. या खाचा पातळ लेपाने बंद करता येतात. त्यासाठी सुई लागत नाही, दात कोरावा लागत नाही. शाळकरी मुलांच्या तपासणीत आम्ही प्रथम हीच दाढ पाहतो.

कीड सुरू होते तेव्हा दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो. हा टप्पा उलटवता येतो : फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि गोडावरील संयम यांमुळे खनिजे पुन्हा दातात भरतात. दंतवल्कात संवेदना नसल्यामुळे येथवर काहीच दुखत नाही. कीड आतल्या थरात शिरली, की गारगरम लागते, गोड खाल्ल्यास शिवशिवते. ती दाताच्या गाभ्यातील नसेपर्यंत पोहोचली, म्हणजे रात्री अंथरुणाला पाठ टेकताच ठणका सुरू होतो. त्यानंतरचा टप्पा सर्वांत फसवा. ठणका आपोआप थांबतो आणि रुग्णाला वाटते, दाढ बरी झाली. प्रत्यक्षात आतील नस मृत झालेली असते आणि जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाकडे निघालेला असतो. काही महिन्यांनी गाल सुजतो, हिरडीवर पुळी येते. क्वचित ही सूज जबड्याखाली व गळ्याकडे पसरते. तोंड उघडेनासे झाले, गिळताना वा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. दातदुखीने कोणी दगावत नाही, हे विधान अशा वेळी खरे राहत नाही.

उपचारांविषयी

लहान कीड काढून तेथे भरण करणे हा सर्वांत सोपा उपचार. पूर्वी ज्याला ‘चांदी भरणे’ म्हणत त्या मिश्रणात पारा असतो. पाऱ्याचा वापर कमी करण्याविषयीच्या मिनामाता करारास भारताने 2018 साली मान्यता दिली आणि आता दाताच्या रंगाच्या भरणाकडे कल वाढला आहे. ज्यांच्या तोंडात जुनी चांदी सुस्थितीत आहे त्यांनी ती धास्तीने काढून घेण्याचे मात्र कारण नाही. ग्लास आयोनोमर नावाचे भरण दाताला चिकटते व थोडे फ्लोराइडही सोडते. कीड हत्यारांनी हलकेच खरवडून ते भरता येत असल्याने जेथे वीज आणि खुर्ची नाही अशा वाडीवरील शिबिरातही उपचार होऊ शकतो. लहान मुलांच्या किडलेल्या दातांवर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे द्रव लावल्यास बहुधा कीड पुढे जाण्याचे थांबते. किडलेला भाग काळा पडतो, हे पालकांना आधी सांगावे लागते. ही दोन्ही द्रव्ये आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट यांचा जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. या तिन्हींत महागडे असे काही नाही, हे आमच्या देणगीदारांनी ध्यानात घ्यावे.

रूट कॅनलचे नाव काढताच अनेकांना धडकी भरते. त्यात दाताच्या मुळांतील बारीक नलिकांतून दूषित वा मृत झालेली नस काढतात, नलिका जंतुरहित करून भरून टाकतात. जागा बधिर करून केलेल्या या उपचारात पूर्वीच्या ठणक्यापेक्षा कमीच दुखते. अशा दाढेचा बराचसा भाग किडीत गेलेला असल्याने तिच्यावर टोपी बसवावी लागते. ठणका थांबला म्हणून टोपी न बसवता निघून गेलेल्या रुग्णाची दाढ पुढे भाकरी चावताना दुभंगते आणि सारा खर्च वाया जातो.

‘सरळ काढूनच टाका’ असा आग्रह आम्हांस नित्य ऐकावा लागतो. काढलेल्या दाढेच्या शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात, समोरची दाढ त्या जागेकडे सरकते आणि चावण्याची घडी विसकटते, हे आम्ही समजावून सांगतो. तथापि ज्या मजुराची एका खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते, त्याच्यापुढे आदर्श उपचाराचे पुराण लावण्यात अर्थ नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. कधी दाढ काढणे हाच प्रामाणिक सल्ला असतो. वरचा दात काढल्याने नजर जाते हा समज मात्र निराधार आहे. दाढ काढल्यावर कापूस अर्धा तास घट्ट दाबून धरावा आणि चोवीस तास जोराने चूळ भरू नये, थुंकू नये, विडी-तंबाखूस स्पर्श करू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती आधी सांगावी. स्वतःच्या मनाने बंद करू नये. दुखऱ्या दाढेत तंबाखूची चिमूट किंवा ॲस्पिरिनची गोळी धरल्याने हिरडी भाजते, दाढ बरी होत नाही.

हिरड्यांचा आजार किडीहूनही मूक असतो. दातांवरचा थर न निघाल्यास त्याचे टणक किटण बनते, हिरड्या सुजतात, ब्रश लावताच रक्त येते. रक्त येते म्हणून लोक तेथे ब्रश लावणे सोडतात आणि आजार वाढतो. किटण काढल्याने दात हलू लागतात, अशी तक्रारही येते. वास्तविक दाताखालचे हाड आधीच झिजलेले असते. किटणाच्या भिंतीमुळे तो हलत नव्हता इतकेच. मधुमेहींत हा आजार बळावतो आणि हिरड्यांतील संसर्गामुळे रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते. गर्भवतींच्याही हिरड्या सुजतात. गरोदरपणात दातांचे उपचार करू नयेत हा समज चुकीचा आहे; चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा असतो.

दोन वेळा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, मऊ ब्रशने व फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. राखुंडी आणि विटेची पूड यांनी दंतवल्क झिजते. कडुनिंबाच्या काडीशी आमचे वैर नाही, पण ती फ्लोराइडची जागा घेऊ शकत नाही. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरवेलच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असल्याने मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. तेथे आधी पाण्याचा स्रोत बदलणे हाच उपाय होय.

मिश्री, सुपारी आणि दोन आठवड्यांचा व्रण

महाराष्ट्रातील असंख्य स्त्रिया आजही तंबाखू भाजून केलेली मिश्री किंवा मशेरी दातांना लावतात. त्यांच्या लेखी ते व्यसन नसून दात घासणेच असते. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारल्यास त्या ‘नाही’ म्हणतात आणि ते उत्तर मनापासूनचे असते. म्हणून आम्ही ‘सकाळी दाताला काय लावता?’ असे विचारतो. दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने 1992 साली बंदी घातली, तथापि घरच्या तव्यावर भाजलेली मिश्री कोणत्या कायद्यात सापडणार? गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. पण तंबाखूविरहित सुपारीही निर्दोष नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. सुपारीमुळे गालांच्या आतील अस्तर ताठ होत जाते, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडणे कमी कमी होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर तपासणीस यावे. गेलेली लवचीकता पूर्णतः परत मिळत नाही. सुपारी सोडल्यास पुढची हानी रोखण्याची संधी असते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधकांनी महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे तपासून केलेला अभ्यास 1972 साली प्रसिद्ध झाला. तंबाखूच्या सवयी आणि मुखातील घातक बदल यांचे नाते तेव्हापासून आपल्या मातीतील पुराव्यानिशी ठाऊक आहे. पुढे केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन केवळ नजरेने तोंडे तपासली. 2005 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत मुखकर्करोगाने होणारे मृत्यू या तपासणीमुळे सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे त्यात आढळले. प्रारंभी ज्यांनी खर्चाचा प्रश्न विचारला, त्यांच्यासाठी यापेक्षा सबळ उत्तर आमच्यापाशी नाही. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, कारणाशिवाय हलणारा दात, गळ्यातील गाठ यांपैकी काहीही दिसल्यास, दुखत नसले तरी, दाखवावे. तपासणीसाठी तुकडा काढल्याने रोग पसरतो या भीतीने घालवलेले महिनेच रुग्णाला महागात पडतात.

नातेवाइकांसाठी काही सूचना

डोके व मानेच्या भागावर किरणोपचार होणार असतील, तर त्याआधी दातांची तपासणी अवश्य करून घ्यावी. किरणोपचारानंतर त्या भागातील जबड्याचे हाड सहजी भरून येत नाही आणि नंतर दाढ काढणे जोखमीचे ठरते. खेळताना मुलाचा कायमचा दात मुळासकट निखळून पडला, तर तो मुळाला न धरता वरच्या भागाने उचलावा. घासू नये, मळला असल्यास क्षणभर पाण्याखाली धरून जागेवर बसवावा. ते न जमल्यास थंड दुधात घालून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे आणावा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे तोंड स्वच्छ करणे ही परिचारिकांइतकीच घरच्यांचीही सेवा आहे. तोंडातील जंतू श्वासावाटे फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. रुग्णाचे डोके उंच व एका कुशीला वळवून मऊ ब्रशने किंवा ओल्या गॉजने दात, जीभ व गालांच्या आतील भाग दिवसातून दोनदा पुसावा. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात पाणी ओतू नये. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवावी. वॉर्डात काढलेली कवळी कागदात गुंडाळून उशीजवळ ठेवल्यास सकाळी ती कचऱ्यासोबत जाते, आणि वृद्ध रुग्णास नवी कवळी होईपर्यंत कित्येक आठवडे पातळ पेजेवर राहावे लागते. झाकणाच्या डब्यावर रुग्णाचे नाव व खाट क्रमांक लिहून कवळी त्यात ठेवावी आणि तो डबा कोठे ठेवला हे पाळीवरील परिचारिकेस सांगावे.