उकिरड्यावरचे पक्षी

पक्षी म्हटले की पुस्तकात मोर, पोपट आणि कोकीळ असतात. तेही आमराईत नाहीतर बागेत. पण खरंच खूप पक्षी बघायचे असतील तर आमच्या गोठ्यामागच्या उकिरड्यावर या. गुरुजींनी वहीत पक्ष्यांची नोंद करायला सांगितली तेव्हा माझं पान तिथंच भरलं. वर्गातली पोरं "शेणातली पाखरं" म्हणून हसली. म्हणून हा लेख लिहिते.

उकिरड्यात शेण, पालापाचोळा, खरकटं पडतं. ते कुजलं की आतून ऊब येते, थंडीत सकाळी तर वाफ निघते. मग त्यात माश्या, किडे, अळ्या होतात. आपण नाक धरतो, पाखरांची पंगत बसते. कावळे दोन जातीचे येतात. मान राखाडी तो गावकावळा आणि सगळा काळा तो डोमकावळा. साळुंक्या भांडतात फार. गायबगळे म्हशीच्या पायात पायात फिरतात, म्हैस चालली की गवतातले किडे उडतात ते टिपतात. धोबी फक्त थंडीत असतो. तो हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून येतो. एवढासा जीव, आणि इतक्या लांबून येऊन आमच्या उकिरड्यावर शेपटी हलवत बसतो!

मला सगळ्यात हुदहुद आवडतो. डोक्यावर तुरा, लांब बाकदार चोच. ती खतात खुपसून तो अळ्या ओढतो. त्यात हुमणीपण असते. हुमणी शेतात गेली की भुईमुगाच्या मुळ्या खाते, म्हणजे हुदहुद आपलंच काम करतो. तो दिसायला राजा, पण त्याच्या ढोलीला घाण वास येतो. अंड्यावर बसलेली मादी आणि पिल्लं अंगातून वासाचं तेल काढतात, म्हणून शत्रू लांब राहतो. आमची आजी म्हणते, न्हायला नको म्हणणाऱ्या पोरांचा हा भाऊ.

नळाच्या गटारापाशी वंचक बसतो. बसला की मातकट, उडाला की पांढरा. भोरला मटणाच्या दुकानामागं घारी घिरट्या घालतात. गुरुजी म्हणाले, मुंबईत शिवडीच्या चिखलात, कारखान्यांच्या शेजारी, हजारो रोहित पक्षी येतात. मला वाटलं, मुंबईचाही उकिरडा आहे तर.

दिवाळीत मी मामाकडं वेल्ह्याला गेले होते. मामाची गाय म्हातारी होऊन मेली. ती गावाबाहेर माळाच्या कडेला नेऊन टाकली. मी पदराचा बोळा नाकाला लावून आजोबांच्या मागं गेले. मला गिधाड बघायचं होतं. तोरण्याच्या कड्याकडं बघत बसलो. कावळे आले, घारी आल्या, कुत्री आली. गिधाड एकपण नाही. आजोबा म्हणाले, "पूर्वी जनावर पडलं की आभाळात चक्रं सुरू व्हायची. दुपारी टाकलं तर संध्याकाळी नुसती हाडं."

शाळेत येऊन गुरुजींना विचारलं. त्यांनी सांगितलं, जनावराचं दुखणं थांबवायला डायक्लोफेनॅक नावाचं औषध टोचायचे. ते जनावर लगेच मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांचे मूत्रपिंड बंद पडून ती मरायची. एका जनावरावर खूप गिधाडं बसतात, म्हणून एकदम खूप मेली. २००४ साली शास्त्रज्ञांनी हे शोधून छापलं. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या १५ वर्षांत आपल्या देशात हजारी एक उरली. २००६ साली सरकारनं जनावरांसाठी ते औषध बंद केलं. मेलोक्सिकॅम नावाचं औषध गिधाडांना चालतं.

मी हे फोनवर आजोबांना सांगितलं. ते जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे सुई आम्हीच टोचून घेत होतो की गं." आता मामाचा बैल लंगडला तेव्हा आजोबांनीच डॉक्टरांना औषधाचं नाव विचारलं. मेलोक्सिकॅम होतं.

वहीत गिधाडाचं पान मी कोरं ठेवलं आहे.

पालकांनो, आपल्या गोठ्यात सुई टोचताना तुम्हीपण नाव विचारा. आणि मुलांनो, ज्यांना हुदहुद बघायचा आहे त्यांनी रविवारी सकाळी सात वाजता आमच्या गोठ्यामागं यावं. रुमाल आणावा. आरडाओरडा करणारांनी येऊ नये.

– इयत्ता ४ थी